नाव एक, माप दोन

माझ्या भाच्याच्या बिलावर एकच ओळ आहे : आरटीएक्स ३०५०, १ नग. कार्ड लॅमिंग्टन रोडवर घेतलं. मी सोबत होतो, पैसेही मीच मोजून दिले. भिवंडीहून एसटीने ठाणे, लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तसंच परत. घरी येऊन पोराने हातपाय धुवायच्या आत खोका फोडला, कार्ड बसवलं, मशीन सुरू केलं. दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "मामू, ये तो छे जीबी वाला है."

चार महिने त्याने ज्या कार्डाच्या चाचण्या मोबाइलवर बघितल्या होत्या ते ८ जीबीचं ३०५० होतं. दुकानाला फोन केला. उत्तर सरळ होतं : "सर, तुम्ही ३०५० मागितलं, आम्ही ३०५० दिलं." तो खोटं बोलत नव्हता. खोक्यावर ६ जीबी छापलेलं होतं, मीच वाचलं नाही. वीस वर्षं पोरांना "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" सांगणाऱ्या मास्तरने खोका वाचला नाही, तर ती चूक मास्तरचीच. पण ही चूक होईल अशी सोय कोणी करून ठेवली, त्याबद्दल मला आज भांडायचं आहे.

पहिलं ३०५० जानेवारी २०२२ मध्ये आलं. त्यात २५६० कोअर आणि १२८ बिट रुंदीचा मेमरी-मार्ग. दुसरं ३०५० फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. त्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. म्हणजे फक्त मेमरी दोन जीबीने कमी केली असं नाही. आतलं इंजिन लहान, रस्ता अरुंद, आणि पाटीवर नाव तेच. दुसरं कार्ड वाईट आहे असंही मी म्हणत नाही. त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही, जुन्या ऑफिसच्या मशीनमध्ये ते निमूट बसतं, किंमतही कमी. चांगला माल आहे. मग त्याला स्वतःचं नाव का नको?

आमच्या भिवंडीत कापडाला पन्हा असतो. गल्लीत पन्ना म्हणतात. सुताचा काउंट असतो, ताग्याचे मीटर असतात. एकाच नावाखाली एकदा मोठ्या पन्ह्याचं आणि दोन वर्षांनी लहान पन्ह्याचं कापड पाठवणाऱ्याचा माल व्यापारी परत पाठवतो, आणि त्याच्या तोंडावर दोन शब्द बोलून पाठवतो. ग्राफिक्स कार्डात ‘१२८ बिट’ आणि ‘९६ बिट’ म्हणजे पन्हाच. मी उर्दू शिकवतो. उर्दूत नुक्ता वरचा खाली गेला की ‘खुदा’चं ‘जुदा’ होतं, म्हणून पोरांच्या वहीत मी एकेक नुक्ता तपासतो. या कंपन्या वेगळ्या मालावर तेवढा नुक्ताही द्यायला तयार नाहीत.

माझ्या ब्लॉगचे नेहमीचे वाचक इथे थबकले असतील. सर, शाळा सोडून हे काय? गेम म्हणजे पोरं बिघडवायचा धंदा, त्यावर तुम्ही लिहिणार? हो, लिहिणार. मी स्वतः खेळतो. बी.एड.च्या वर्षात सायबर कॅफेत तासाला वीस रुपये भरून खेळलो, आता पेपर तपासून झाल्यावर रात्री अर्धा-पाऊण तास खेळतो. आणि ज्याला फक्त खेळ म्हणतात ते कार्ड भाच्याच्या घरात लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंगही करतं. हंगामात त्याच्या कॉलेजची फी त्यातून निघते. (इनपेजला कार्ड लागत नाही, म्हणून आमच्या शिक्षकखोलीत कुणाला याची झळ नाही.) खेळ वाईट की चांगला हा वाद वेगळा. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचं माप पूर्ण मिळावं, यात वस्तू कोणती हा प्रश्न कुठे येतो?

हे ३०५० पासून सुरू झालेलं नाही. २०१६ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० काढलं : एक ६ जीबीचं, एक ३ जीबीचं. लोकांना वाटलं फरक मेमरीचा. ६ जीबीवाल्यात १२८० कोअर होते, ३ जीबीवाल्यात ११५२. सगळ्यात निर्लज्ज प्रकार जीटी १०३० चा. ते गरिबाचं कार्ड, शंभर डॉलरच्या आतलं. २०१७ मध्ये आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ मेमरी होती. २०१८ मध्ये त्याच नावाने साध्या डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात आलं. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून साधारण १७ वर आला, जेमतेम तिसरा हिस्सा. नाव जीटी १०३०. ज्याच्याकडे एवढेच पैसे आहेत त्याच्याच ताटातली भाकरी तोडली. मोठ्या कार्डांच्या बातम्या करणाऱ्यांतल्या थोड्यांनीच त्यावर आवाज केला.

महाग कार्डावर हेच केलं तेव्हा काय झालं ते बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० जाहीर झालं, तेही दोन : १६ जीबीचं ११९९ डॉलरला, १२ जीबीचं ८९९ डॉलरला. कोअर एकात ९७२८, दुसऱ्यात ७६८०. जगभर एवढी बोंब झाली की ऑक्टोबरमध्ये कंपनीने १२ जीबीचं कार्ड विक्रीला यायच्या आधीच मागे घेतलं. नाव गोंधळात टाकणारं होतं हे कबूल केलं. जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय या नावाने, शंभर डॉलर कमी करून विकलं. याचा अर्थ कंपनीला कळतं. वेगळ्या मालाला वेगळं नाव द्यावं लागतं हे तिला पक्कं ठाऊक आहे. फक्त ओरडणाऱ्याचा खिसा हजार डॉलरचा असला की लवकर आठवतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, हा धडा शिकून सव्वा वर्ष झाल्यावर, तिने ३०५० वर पुन्हा तोच प्रयोग केला.

आणि जीटीएक्स ९७०. २०१४ चं, ३२९ डॉलरचं, आपल्याकडेही खूप खपलेलं कार्ड. खोक्यावर ४ जीबी. जानेवारी २०१५ मध्ये वापरणाऱ्यांनीच शोधून काढलं की त्यातले साडेतीन जीबी वेगाने चालतात आणि शेवटचा अर्धा जीबी रखडतो. शिवाय जाहीर केलेल्या तक्त्यात ६४ आरओपी आणि २ एमबी कॅश लिहिलं होतं. प्रत्यक्षात ५६ आणि १.७५. कंपनीचं म्हणणं, आमच्या अभियंत्यांचा आणि जाहिरात विभागाचा आपसात निरोप चुकला. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला, २०१६ मध्ये तडजोड झाली, प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर ठरले. हे ३० डॉलर अमेरिकेतल्या खरेदीदारांसाठी होते. मुंबईत तेच कार्ड जास्त पैसे देऊन घेतलेल्याला काय मिळालं? त्याच्या कार्डातला अर्धा जीबी रखडत नव्हता काय?

आता दुसरी गोष्ट ऐका. आपल्या बाजारात काही वर्षांपूर्वी नकली जीटीएक्स १०५० टीआय फिरत होती. आत कितीतरी वर्षं जुनी जीटीएस ४५० ची चिप, तिच्या बायोसमध्ये नवीन नाव भरलेलं. मशीनला लावलं की पडद्यावर १०५० टीआय दिसायचं. हा प्रकार इतका पसरला की २०१८ मध्ये जीपीयू-झेड या तपासणीच्या सॉफ्टवेअरला नकली कार्ड ओळखायची सोय घालावी लागली. असा माल विकणाऱ्याला आपण चोर म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. पण त्याने केलं काय? कमी ताकदीच्या चिपवर जास्त ताकदीच्या चिपचं नाव लावलं. डीडीआर४ चं जीटी १०३० घेणाऱ्याला याहून वेगळं काय मिळालं? फरक मला दिसतो तो एवढाच की दुसऱ्या खोक्यात बारीक अक्षरात खरं छापलेलं असतं. त्या बारीक अक्षरांची किंमत कंपनीच्या दृष्टीने मोठी आहे, कारण तिच्या जोरावरच ही लबाडी न राहता ‘श्रेणी’ होते.

आपल्याकडे वैध मापनशास्त्र कायदा आहे, २००९ चा. बाजारात तराजू तपासायला माणसं येतात, बंद खोक्यावर किंमत आणि प्रमाण छापणं सक्तीचं आहे. भाच्याच्या खोक्यावरही तो स्टिकर आहे. कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे, आम्ही दिली त्याच्या दीडपटीहून जास्त. त्या आकड्याला बाजारात कोणी विचारत नाही. आणि प्रमाण : १ नग. कायद्याला एवढंच कळलं. ९६ बिट असो की १२८, नग एकच. तेलाच्या पिशवीत ५० मिली कमी भरलं तर खटला होतो, इथे पाव पन्हा कापला तरी नग पूर्ण.

मेमरीवरून एवढा गहजब कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मी तास घेतो तेव्हा लागणारी पुस्तकं टेबलावर ठेवतो. टेबल पुरेसं असलं की हात घातला, पुस्तक उघडलं. टेबल लहान असेल तर उरलेली पुस्तकं खालच्या मजल्यावरच्या कपाटात, आणि दर पाच मिनिटांनी जिना उतरून चढायचं. शिकवण्यात मी कितीही हुशार असलो तरी वर्ग खोळंबतो. कार्डावरची मेमरी म्हणजे टेबल, मशीनची रॅम म्हणजे कपाट, मधला पीसीआय एक्सप्रेस म्हणजे जिना. गेममधल्या भिंती, चेहरे, झाडं यांची चित्रं टेबलावर मावली नाहीत की खेळ अडखळतो, नाहीतर भिंती धूसर दिसतात. २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग पीसीवर आला तेव्हा ८ जीबीची कार्डं अशीच धापा टाकत होती.

यातली आपल्याकडची खुबी कोणी सांगत नाही. ४०६०, ५०६० आणि त्यांचे टीआय भाऊ यांना सोळाऐवजी आठच मार्गिका दिल्या आहेत. नव्या मदरबोर्डवर त्याचं फार वाटत नाही. पण मशीन एकदम नवं घेणारे आपल्यात किती? मदरबोर्ड पाच-सहा वर्षं जुना, पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढी, त्यावर पोटाला चिमटा घेऊन नवं कार्ड. तिथे जिना आणखी अरुंद होतो. म्हणजे ८ जीबीचं टेबल भरल्याचा त्रास, ज्याचं मशीन जुनं त्यालाच जास्त. अमेरिकेतल्या समीक्षकाच्या नव्याकोऱ्या मशीनवरचे आकडे बघून आपला पोरगा कार्ड ठरवतो आणि घरी आल्यावर स्वतःलाच दोष देतो.

कंपन्या म्हणतात, मेमरी महाग आहे. चला, त्यांच्याच दराने हिशेब करू. एप्रिल २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय आलं : ८ जीबी ३७९ डॉलर, १६ जीबी ४२९ डॉलर. जूनमध्ये एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी : ८ जीबी २९९, १६ जीबी ३४९. दोन्हीकडे आठ जीबीचा भाव ५० डॉलर, आणि त्यात नफाही धरलेला. (इथे निदान दोन्ही खोक्यांत चिप सारखी आहे, एवढं श्रेय देतो.) पन्नास डॉलरसाठी चारशेच्या कार्डाचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी कापायचं? एएमडीच्या फ्रँक एझॉर यांनी त्या वेळी जाहीरपणे मांडलं की बहुसंख्य लोक १०८० पिक्सेलवरच खेळतात, त्यांना ८ जीबीपेक्षा जास्त लागत नाही. असं असेल तर एनव्हिडियाने बहुतेक समीक्षकांकडे १६ जीबीचंच कार्ड का पाठवलं? पुढच्याच महिन्यात ८ जीबीचं ५०६० आलं तेव्हा समीक्षकांना विक्रीच्या आधी ड्रायव्हरच का मिळाला नाही? ज्याला आपल्या मालावर भरवसा आहे तो ताग्याची घडी उलगडून दाखवतो.

एनव्हिडियाचंच ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये १२ जीबी घेऊन ३२९ डॉलरला आलं होतं. दोन वर्षांनी ४०६० आलं, ८ जीबी, २९९ डॉलर. आणखी दोन वर्षांनी ५०६०, पुन्हा ८ जीबी, पुन्हा २९९. आणि ८ जीबीचं आरएक्स ४८० एएमडीने २०१६ मध्ये २३९ डॉलरला विकलं होतं. माझ्या मते कारण मेमरीच्या भावात नाही. जास्त मेमरीची कार्डं आता एआयचं काम करणारे अनेक पटींनी महाग घेतात. स्वस्त कार्डात भरपूर मेमरी दिली तर ते महाग दुकान कोण चालवेल? जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची विक्री १३० अब्ज डॉलर झाली. त्यात डेटा सेंटरचे ११५ अब्ज, गेमिंगचे ११ अब्जांच्या थोडे वर. आपण त्या कंपनीचे जुने गिऱ्हाईक, तिला मोठं करणारे, आता दुकानाच्या पायरीवर. आधी क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचलली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने कार्डांवरचं खाणकाम थांबवलं, तोवर एआयवाले आले. आता तर मेमरीचे भाव खरोखरच चढले आहेत, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा साध्या ग्राहकांचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे स्वस्ताई होती तेव्हा दिलं नाही, आणि आता महागाई आहे म्हणून देणार नाहीत.

"मग घेऊ नका." हे मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. बाजार आहे, परवडत नाही तर घेऊ नका. ठीक. आपली बहुतेक पोरं नवं घेतही नाहीत. तिसऱ्या-चौथ्या हाताचं घेतात, आणि तिथे ड्रायव्हर आडवा येतो.

ड्रायव्हर म्हणजे गेम आणि कार्ड यांच्यातला दुभाषी. हे काम मला चांगलं कळतं, मी दिवसभर दोन भाषांमध्ये तेच करतो. नवा गेम नवे शब्द घेऊन येतो. दुभाषाने ते शिकले नाहीत तर कार्ड धडधाकट असूनही बहिरं. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी, म्हणजे ७५० टीआयपासून १०८० टीआयपर्यंत, नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेपुरते सुधार ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील.

नऊ वर्षं सांभाळलं हे कमी नाही, मोबाइल कंपन्यांच्या तुलनेत तर मोठंच आहे. पण नऊ वर्षं कोणाला मिळाली? १०५० टीआय ऑक्टोबर २०१६ चं. २०२१ मध्ये टंचाई झाली तेव्हा कंपनीनेच या जुन्या चिपा पुन्हा बाजारात सोडल्या. त्या वर्षी नवं कार्ड, नव्या बिलाने घेतलेल्याला मिळाली चार वर्षं. खोक्यावर कुठेही शेवटची तारीख नाही. बिस्किटाच्या पुड्यावर असते, तापाच्या गोळीवर असते. एएमडीने तर ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आरएक्स ५००० आणि ६००० या मालिका एकदम वेगळ्या फांदीवर टाकल्या आणि नव्या गेमचे सुधार गरजेनुसार देऊ असं म्हटलं. आरएक्स ६६०० तेव्हाही दुकानात नवं विकलं जात होतं. ओरड झाल्यावर खुलासा आला की गेमचे सुधार मिळत राहतील. खुलासा आला हे चांगलं. ओरड झाली नसती तर?

थांबवायचं तर थांबवा, पण मग कुलूप काढा. लिनक्सवर एएमडीची २०१२ ची कार्डं आजही चालतात, कारण त्यांचा ड्रायव्हर खुला आहे आणि बाहेरचे लोक त्याची डागडुजी करतात. पास्कलच्या कार्डांवर हे होऊ शकत नाही. त्यांचा वेग वाढवण्या-घटवण्याचा भाग कंपनीच्या सहीच्या फर्मवेअरमागे बंद आहे. बाहेरच्या माणसाने कितीही चांगला ड्रायव्हर लिहिला तरी कार्ड पूर्ण वेगाने पळत नाही. २०२२ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, तो ट्युरिंग आणि त्यापुढच्यांसाठीच. माल विकून टाकला, पैसे घेतले, आता सांभाळायचाही नाही, आणि किल्ली मात्र खिशात.

भाच्याला हे सगळं मी ऐकवलं तेव्हा तो मॉनिटरवरून नजर न हटवता म्हणाला, "मामू, आप खोका पढ़ लेते तो इतना लिखना नहीं पड़ता." त्याचं ६ जीबीचं कार्ड चालू आहे. गेल्या आठवड्यात दोन निकाहांचे व्हिडिओ त्यावरच झाले. मी ते बिल शोधून काढलं आणि ‘आरटीएक्स ३०५०, १ नग’ या ओळीच्या पुढे पेनाने लिहिलं : ६ जीबी, ९६ बिट, २३०४ कोअर. दोन-तीन वर्षांनी तो हे कार्ड कुणाला तरी विकेल. बिल सोबत द्यायला सांगितलं आहे.